हार्डवेअर सिक्वेन्सरमधली कॉर्ड: सूर कसे नोंदले जातात, कोणत्या क्रमाने वाजतात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरात गणपतीच्या मंडपापासून ऑक्टोबरातल्या भीमगीतांच्या कार्यक्रमांपर्यंत आता दोन-तीन वादकच अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम करतात, आणि कीबोर्डशेजारी छोटा सिक्वेन्सर, म्हणजे वाजवलेले सूर नोंदून पुन्हा वाजवणारं यंत्र, ठेवलेला दिसतो. लय, बेस, एखादी सुरावट इथपर्यंत तो निमूट चालतो. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, भरायला घेतली की मात्र प्रश्न सुरू होतात. सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणांत वेग १२० बीपीएम (मिनिटाला १२० बीट) धरला आहे, म्हणजे एक बीट ५०० मिलिसेकंदांची.

सिक्वेन्सर कॉर्ड ‘कॉर्ड’ म्हणून साठवतो का?

नाही. त्याच्या मेमरीत ‘सी मेजर’ असं काही नसतं. असते ती सुट्या सुरांची रांग: अमुक टिकला (टिक म्हणजे मशीनच्या वेळेचा सर्वांत छोटा भाग) ६० नंबरचा सूर सुरू, इतका जोर, अमुक टिकला ६४ सुरू, अमुक टिकला ६० बंद. कॉर्ड आपल्या कानात तयार होते. मशीनसाठी ते तीन ‘नोट ऑन’ आणि तीन ‘नोट ऑफ’, एवढंच. खालचे निम्मे घोटाळे या एका गोष्टीतून निघतात.

कॉर्ड खरोखर कॉर्ड म्हणून ओळखतात ते अ‍ॅरेंजर कीबोर्ड, डाव्या हाताच्या भागात. तिथे कोणते सूर दाबलेत यावरून कॉर्डचं नाव ठरतं आणि स्टाइल, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, त्याप्रमाणे वळते. ती यंत्रणा वेगळी, सिक्वेन्सरची वेगळी. दोन्ही एकाच डब्यात असल्या की गल्लत होते.

तिन्ही बोटं एकदम पडली. मग मागे-पुढे कुठून आलं?

तीन ठिकाणांहून येतं.

पहिलं म्हणजे बोटं. हात कितीही सरावलेला असो, बोटांत काही मिलिसेकंदांचा फरक राहतोच. दुसरं, कीबोर्डचं स्कॅनिंग. आतला प्रोसेसर सगळ्या पट्ट्या एकदम पाहत नाही, ओळीओळीने तपासत जातो. खरोखर एकाच क्षणी पडलेल्या दोन पट्ट्यांतली स्कॅनच्या वाटेत आधी येणारी पट्टी आधी नोंदली जाते.

तिसरी मिडीची तार; मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सुरांचे आदेश पाठवायची पद्धत. १९८३ मध्ये ठरलेला मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद. एक नोट ऑन तीन बाइटचा, म्हणजे ०.९६ मिलिसेकंद. तारेवरून एका वेळी एकच बाइट जातो, त्यामुळे पाच पिनच्या केबलवर दोन सूर एकदम जाणं शक्यच नाही. सी मेजर जाते ती अशी: १४४-६०-१०० (नोट ऑनचा आदेश, सुराचा नंबर, जोर), मग ६४-९६, मग ६७-१०२. दुसऱ्या-तिसऱ्या सुराला १४४ पुन्हा पाठवलेला नाही. ‘आधीचाच आदेश चालू’ असं धरायची सोय मिडीत आहे, तिला रनिंग स्टेटस म्हणतात. त्यामुळे नऊऐवजी सात बाइट लागतात आणि अख्खी कॉर्ड २.२४ मिलिसेकंदांत पोचते.

एवढा फरक कानाला कळत नाही. पण चार ट्रॅक, चार चॅनल, प्रत्येकावर चार सुरांची कॉर्ड आणि सगळ्या समेवर असतील, तर चॅनल बदलताच रनिंग स्टेटस तुटतो आणि एकूण ३६ बाइट होतात. म्हणजे साडेअकरा मिलिसेकंद. त्यांच्यामागे ड्रमचा ट्रॅक असेल तर किक सैल वाटू लागते. अनेक मशीन ट्रॅकच्या नंबराप्रमाणे पाठवतात, म्हणून ड्रम आणि बेस पहिल्या ट्रॅकवर ठेवा, पॅड आणि स्ट्रिंग शेवटी. पॅड दहा मिलिसेकंद उशिरा आलं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

टिक म्हणजे काय? जास्त टिकचं मशीन चांगलं का?

एका बीटचे मशीन जितके भाग करते तितके तिचे टिक; या आकड्याला पीपीक्यूएन (पल्सेस पर क्वार्टर नोट) म्हणतात. १९८७ चं अ‍ॅलेसिस एमएमटी-८ आणि १९८८ चं अकाई एमपीसी६० दोन्ही ९६ चे. आजच्या अनेक मशीनमध्ये ४८० किंवा ९६० असतात. १२० च्या वेगात ९६ ला एक टिक ५.२ मिलिसेकंदांचा, ४८० ला साधारण १.०४ चा आणि २४ ला तब्बल २०.८ चा.

समजा बीट सुरू झाल्यावर सी २ मिलिसेकंदांनी पडला, जी ४ ने आणि ई ९ ने. अपूर्णांक सोडून देणाऱ्या ४८० च्या मशीनमध्ये ते टिक १, ३ आणि ८ वर बसतील. ९६ च्या मशीनमध्ये सी आणि जी टिक ० वर, ई टिक १ वर. २४ च्या मशीनमध्ये तिघेही टिक ० वर. ‘कोण आधी’ हे आता वेळेवरून सांगता येत नाही, फक्त यादीतल्या क्रमावरून सांगता येतं.

जास्त टिक म्हणजे बोटांची हालचाल जास्त जपली जाते, एवढाच अर्थ. कॉर्ड ठोकून वाजवायची असेल तर ९६ पुरतात. गिटारसारखी झरकन ओढलेली कॉर्ड हवी असेल तर ४८० च्या खाली जाऊ नका.

एकाच टिकवरच्या सुरांचा क्रम कोण ठरवतं?

यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. बऱ्याच रिअल टाइम सिक्वेन्सरमध्ये जो सूर आधी आला तो यादीत आधी. काही स्टेप सिक्वेन्सर मात्र सूर खालून वर लावून घेतात आणि तुम्ही कसे दाबले ते विसरतात. आणखी एक जात आहे: रेकॉर्ड करताना क्रम राखते, पण एडिट करून सेव्ह केलं की यादी पुन्हा लावते. मॅन्युअलमध्ये हे क्वचितच लिहिलेलं असतं. स्वतः तपासायला पाच मिनिटं लागतात.

एका सुरात वाजणारा, ‘शेवटचा सूर जिंकतो’ अशा सेटिंगवरचा सिंथ सिक्वेन्सरला जोडा. स्टेप रेकॉर्ड चालू करा. आधी जी दाबा, धरून ठेवा, मग ई, मग सी, नंतर सगळे एकदम सोडा. वाजवून पाहा. सी ऐकू आला तर मशीनने तुमचा क्रम राखला. जी ऐकू आला तर त्याने खालून वर लावून घेतलं. आता हीच स्टेप दुसऱ्या पॅटर्नवर कॉपी करा, सेव्ह करा, मशीन बंद करून चालू करा आणि पुन्हा ऐका. इथे उत्तर बदललं तर समजा, क्रमावर अवलंबून असलेलं काहीही या मशीनच्या भरवशावर ठेवायचं नाही.

क्रमाने फरक तरी काय पडतो? कॉर्ड तर कॉर्डच वाजते.

पियानोच्या आवाजात काहीच पडत नाही. पुढच्या मशीनला सुरांतून निवड करायची असते तिथे पडतो.

आर्पेजिएटरचं, म्हणजे कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणाऱ्या सोयीचं, उदाहरण घ्या. ‘अप’, ‘डाउन’ या मोडमध्ये तो सुरांच्या उंचीवर चालतो. ‘ऑर्डर’ म्हणजे जसे दाबले तसे, या मोडमध्ये मात्र सिक्वेन्सरने पाठवलेला क्रम हीच चाल होते. थेट वाजवताना प्रत्येक कॉर्डला चाल वेगळी येते आणि वादकाला वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, बोटंच दर वेळी वेगळ्या क्रमाने पडत असतात. ठरावीक चाल हवी असेल तर सूर मुद्दाम एकेक करून, २०-३० मिलिसेकंदांच्या अंतराने दाबा आणि त्या ट्रॅकला क्वांटाइझ (सूर ठरावीक रेघांवर ओढून बसवणं) लावू नका.

एकसुरी सिंथचंही तसंच. मिनीमूग मॉडेल डी सर्वांत खालचा सूर उचलतो, त्यामुळे त्याला कॉर्ड पाठवली की शेवटी बेसचा सूर उरतो, क्रम कोणताही असो. शेवटच्या सुराला मान देणाऱ्या सिंथवर यादीतला शेवटचा सूर उरतो आणि आधीच्यांची बारीकशी ‘टिक’ ऐकू येते. ती टिक काढण्यासाठी फिल्टर फिरवत बसू नका. त्या ट्रॅकवर एकच सूर ठेवा.

क्वांटाइझ केल्यावर कॉर्डचे दोन तुकडे झाले. का?

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे, विशेषतः दादऱ्याच्या आणि शफलच्या गाण्यांत.

क्वांटाइझ कॉर्ड उचलत नाही, एकेक सूर उचलून जवळच्या रेघेवर ठेवतो. १/१६ च्या ग्रिडला रेघा १२५ मिलिसेकंदांवर: ०, १२५, २५०, ३७५ वगैरे. शफलमध्ये बीटचा तिसरा त्रिभाग ३३३ मिलिसेकंदांवर येतो. २५० आणि ३७५ च्या बरोबर मध्यावर आहे ३१२.५. म्हणजे तुमचा हात वीस मिलिसेकंद जरी लवकर पडला तरी तो सीमेवर आला. सूर ३०५, ३१८ आणि ३२५ वर पडले तर पहिला मागे २५० वर जातो, उरलेले दोन पुढे ३७५ वर. वीस मिलिसेकंदांत वाजलेली कॉर्ड आता १२५ मिलिसेकंदांनी फाटली.

उपाय म्हणजे ग्रिड तालाला जुळवा. तीनच्या चालीला १/८ ट्रिपलेट किंवा १/१६ ट्रिपलेट निवडा. ‘स्ट्रेंग्थ’ असेल तर १०० ऐवजी ६०-७० टक्के ठेवा, पण ग्रिड चुकीचा असेल तर त्यानेही कॉर्ड फाटतेच, फक्त थोडी कमी. आणि शक्य असेल तिथे रेकॉर्ड करताना क्वांटाइझ बंद ठेवून वाजवताना लावा. रेकॉर्डमध्येच लावलं तर मूळ वेळ पुसली जाते आणि ‘अनडू’ची संधी गेली की परत येत नाही.

उलट बाजूही लक्षात असू द्या. मुद्दाम ओढून वाजवलेली कॉर्ड क्वांटाइझमध्ये एका टिकवर चपटी होते. कॉर्डसाठी क्वांटाइझ सरसकट चालू ठेवण्याची सवय वाईटच.

समेवरची कॉर्ड पहिल्या आवर्तनात वाजत नाही, नंतर मात्र भलतीकडे वाजते.

समेवर येताना हात किंचित आधी पडतो, दहा-पंधरा मिलिसेकंद. लूप चालू असताना तो क्षण पॅटर्नच्या शेवटच्या टिकांत मोजला जातो. कॉर्ड पॅटर्नच्या शेपटाला चिकटते. कधी एक सूर शेवटच्या टिकवर आणि दोन पहिल्या टिकवर, असाही प्रकार होतो. काही मशीन शेवटच्या रेघेच्या पलीकडचा सूर क्वांटाइझ करून पॅटर्नच्या सुरुवातीला नेतात, काही नेत नाहीत.

शेवटची स्टेप उघडून पाहा. तिथे कॉर्डचे भटके सूर सापडतात. ते पुसा आणि पहिल्या स्टेपवर हाताने भरा. हीच दुरुस्ती सर्वांत पक्की.

पॅटर्नची लांबी आधी ठरवा, हेही इथेच सांगायला हवं. एका मात्रेला दोन स्टेप धरल्या तर केहरव्याच्या ८ मात्रांना १६ स्टेप, दादऱ्याच्या ६ मात्रांना १२, रूपकच्या ७ मात्रांना १४. बरीच मशीन सुरू होताना १६ वर असतात. दादरा १६ वर भरला की दुसऱ्या आवर्तनापासून कॉर्ड सरकू लागतात आणि दोष सिक्वेन्सरला दिला जातो.

स्टेप रेकॉर्डमध्ये कॉर्ड कशी भरायची?

बहुतेक ठिकाणी नियम एकच: सूर धरून ठेवा, आणखी सूर जोडत जा, सगळी बोटं उचलली की मशीन पुढच्या स्टेपवर जातं. यात चूक होते ती बांधून वाजवणाऱ्या हातांकडून. एक बोट खाली राहिलं आणि पुढची कॉर्ड दाबली, की मशीनला वाटतं अजून तीच स्टेप चालू आहे. सी मेजर आणि एफ मेजर एकाच खणात जाऊन बसतात. दोन कॉर्डच्या मध्ये हात पूर्ण उचला. स्टेप रेकॉर्डमध्ये घाई करून काहीच मिळत नाही.

एका स्टेपवर किती सूर मावतात ते मशीनवर आहे. १९८२ च्या रोलँड एसएच-१०१ मध्ये १०० स्टेप आहेत, पण प्रत्येकीवर एकच सूर. आर्टुरिया कीस्टेप एका स्टेपवर ८ सूर घेतो. इलेक्ट्रॉन डिजिटॅक्टच्या मिडी ट्रॅकवर एका ट्रिगला ४. चार सुरांच्या मशीनवर नाइन्थ कॉर्ड भरायची असेल तर पाचवा सूर, म्हणजे सी नाइन्थमधला जी, गाळा. बेसवाला मूळ सूर वाजवत असेल तर सीदेखील गाळता येतो. तिसरा आणि सातवा गाळू नका, कॉर्डची ओळख त्यांच्यावरच असते.

तीन सुरांची कॉर्ड वाजवली, ऐकू दोनच येतात. तिसरा गेला कुठे?

आधी सिक्वेन्सर की सिंथ ते वेगळं करा. सिंथ थेट हाताने वाजवा. तिथेही सूर गळत असेल तर सिंथचे आवाज संपताहेत. आठ आवाजांच्या सिंथवर दोन थरांचा टोन लावला की सूर चारच उरतात. त्यात पेडल आणि लांब रिलीज (बोट उचलल्यावर सूर रेंगाळण्याची वेळ) असेल तर आधीच्या कॉर्डची शेपटीही आवाज अडवून बसते. नवा सूर आला की सिंथ जुना तोडतो. रिलीज कमी करा किंवा एक थर काढा.

हाताने नीट वाजत असेल तर सिक्वेन्सरची यादी उघडा. तिसरा सूर बऱ्याचदा तिथे असतो, पण त्याची लांबी शून्य किंवा एक टिक असते. तो प्रश्न नोट ऑफचा, म्हणजे पुढचा.

तीच कॉर्ड सलग वाजवली की दुसरी ऐकू येत नाही, किंवा एखादा सूर लटकतो.

पहिल्या कॉर्डचा शेवट आणि दुसरीची सुरुवात एकाच टिकवर आली की यादीतला क्रम निर्णायक ठरतो. आधी ऑफ, मग ऑन गेला तर ठीक. आधी ऑन, मग ऑफ गेला तर नवा सूर जन्मताच मरतो. म्हणून गेट (स्टेपच्या किती भागभर सूर वाजतो ते) १०० टक्के ठेवू नका. ९० ते ९५ ठेवा, किंवा सुराची लांबी एक-दोन टिकने कमी करा. चाल अखंडच ऐकू येते.

लटकण्याचं नेहमीचं कारण ओव्हरडब. आधीच ६० वाजतोय, वरून पुन्हा ६० भरला. आता दोन ऑन आणि दोन ऑफ एकमेकांत गुंतले आहेत. कोणता ऑफ कोणाचा हे मिडीत लिहिलेलंच नसतं, फक्त नंबर असतो. काही सिंथ पहिल्या ऑफला सूर सोडतात, काही दोन्हीची वाट पाहतात. एका टिकवर एकाच नंबरचे दोन सूर दिसले तर एक पुसा. यादी तपासताना ‘जोर ०’ चा नोट ऑन दिसला तर घाबरू नका, मिडीत त्याचा अर्थ नोट ऑफच असतो.

दुसरं कारण, गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली. पांढरी एकवर ६० सुरू झाला, मध्येच काळी एकवर ट्रान्सपोज केलं, आता मशीनने ६१ बंद केला आणि ६० तसाच वाजत राहिला. नीट बनवलेली मशीन जुना नंबर लक्षात ठेवतात. तुमचं ठेवत नसेल तर ट्रान्सपोज फक्त कॉर्ड सुटलेल्या जागी करा.

तिसरं, पेडल. कंट्रोलर ६४ ची किंमत ६४ किंवा वर असली की पेडल दाबलेलं मानलं जातं. लूप संपण्यापूर्वी पेडल सोडल्याची नोंद आली नाही तर कॉर्ड थरावर थर चढवत जाते. पॅटर्नच्या शेवटच्या टिकला पेडल ० लिहून ठेवा. कार्यक्रमातच सूर लटकला तर ‘पॅनिक’ बटण. ते नसेल तर कंट्रोलर १२३, सगळे सूर बंद.

न दाबलेला चौथा सूर नोंदला जातो. हे कसं?

कीबोर्डच्या पट्ट्या ओळी-स्तंभांच्या जाळीत जोडलेल्या असतात आणि प्रत्येक स्विचला एक डायोड असतो. एखादा डायोड गेला की जाळीत चौकोनाचे तीन कोपरे दाबल्यावर चौथाही दाबल्यासारखा दिसतो. एकेकटा सूर वाजवताना हे कधीच कळत नाही, ठरावीक कॉर्डलाच भूत येतं. दुसरा कीबोर्ड जोडून तीच कॉर्ड भरा. भूत गेलं तर सिक्वेन्सर निर्दोष.

जोर अचानक १२७ दिसणं किंवा एका दाबात दोन नोंदी होणं, हे धुळीचं काम. पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात आणि त्या दोघांमधल्या वेळेवरून जोर मोजला जातो. उन्हाळ्यात उघड्या मैदानावर वाजवलेल्या कीबोर्डमध्ये नागपूरची धूळ बरोबर तिथेच जाऊन बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने रबर आणि बोर्डवरचे काळे ठिपके हलक्या हाताने पुसा, खरवडू नका. मे महिन्यात मशीन बंद गाडीत ठेवू नका. बाहेरच पारा ४५ च्या घरात असतो, काच बंद असलेल्या गाडीत त्याहून वर जातो.

संगणकावर नेल्यावर कॉर्डचा क्रम बदलला.

मिडी फाइलमध्ये प्रत्येक घटनेआधी ‘मागच्या घटनेपासून किती टिक’ एवढंच लिहिलेलं असतं. कॉर्डच्या दुसऱ्या-तिसऱ्या सुराला तो आकडा ०. क्रम फाइलमध्ये टिकतो, पण सॉफ्टवेअर उघडताना आपल्या पद्धतीने लावून घेऊ शकतं. ९६ वरून ४८० वर नेताना काही बिघडत नाही, सरळ पाचाने गुणलं जातं. ४८० वरून ९६ वर आणताना पाच-पाच टिक एकात मिसळतात आणि ओढलेली कॉर्ड ठोकलेली होते. प्रकार ० मध्ये सगळे ट्रॅक एकात मिसळतात, प्रकार १ मध्ये वेगळे राहतात; पुढे एडिट करायचं असेल तर १ च घ्या.

नंबर आणि नावाचाही घोळ असतो. ६० नंबरच्या सीला यामाहा सी३ म्हणते आणि रोलँड सी४. कॉर्ड एक सप्तक खाली-वर ‘दिसली’ तर आधी वाजवून ऐका. बहुधा सूर तोच असतो.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा कुणाकडून जुना सिक्वेन्सर घेताना काय तपासायचं?

स्वतःचा कीबोर्ड आणि मिडी केबल घेऊन जा. केबल १५ मीटरच्या आतली. छोट्या ३.५ मिलिमीटर जॅकचं मशीन असेल तर ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. २०१८ मध्ये ए प्रमाण ठरला, त्याआधीच्या मशीनमध्ये दोन्ही सापडतात. चुकीच्या अडॅप्टरने काही जळत नाही, फक्त आवाज येत नाही आणि चांगलं मशीन बिघडलेलं समजून सोडलं जातं.

मग सहा सुरांची कॉर्ड भरा आणि किती परत येतात ते मोजा. तीच कॉर्ड सलग आठ वेळा, गेट पूर्ण ठेवून वाजवा. वर ओव्हरडब करा आणि लूप दोन मिनिटं चालू ठेवून सूर लटकतो का पाहा. शेवटी सेव्ह करून प्लग काढा, चहा घेऊन या, पुन्हा लावा. पॅटर्न गेले असतील तर बहुतेक वेळा आतला मेमरीचा सेल संपलेला असतो. काही मशीनमध्ये तो साधा सीआर२०३२ खाचेत बसवलेला असतो, काहींत बोर्डवर डाग देऊन पक्का केलेला. दुसऱ्या प्रकारात डाग काढण्याची मजुरी किमतीतून वजा करून बोला.